झाकण तू लावलंस, ओतलं मी

दत्ता,

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. काल शुक्रवार होता. जेवण झालं, ताट धुतलं आणि हात आपोआप फोनकडे गेला. तुझा नंबर काढला, बघत बसलो आणि फोन पालथा घालून ठेवला. चार वर्षांत तू एक शुक्रवार चुकवला नाहीस मेल्या. तिकडे वाळवंटात दुक्मला नेटवर्क गेलं की कँपच्या मागच्या टेकाडावर चढून फोन करायचास, आणि तिथला वारा असा की निम्मं बोलणं मला ऐकूच यायचं नाही. तरी आपण भांडायचो. मध्ये साडेपाचशे किलोमीटर रेताड, आणि भांडण कशावरून? पिस्तुलाच्या काडतुसात कुठली पावडर भरावी यावरून.

आधी सांगायचं ते सांगून टाकतो, नाहीतर मी परत गोल गोल फिरत बसेन. ती चूक तुझी नव्हती दत्ता. माझी होती. पोह्यांच्या डब्यात खसखस ओतली ती मी. तू फक्त झाकण लावलंस. मला हे त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी चार वर्षं तोंड शिवून बसलो. तू गेलास तो स्वतःच्या हातांना दोष देत गेलास. आता घाल शिव्या. तुझ्या शिव्या ऐकायला आज मी काय वाटेल ते देईन.

पोहे आणि खसखस म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटेल आपण दोघं हॉटेलात आचारी होतो. ओमानमध्ये, मस्कतजवळच्या सीबच्या बाहेर, टेकडीच्या पायथ्याशी अर्बाबांचा, म्हणजे आपल्या मालकांचा, नेमबाजीचा क्लब. त्याच्या मागच्या अंगाला एसी लावलेली एक खोली, त्यात दोन खुर्च्या, एक लांब टेबल आणि लोखंडी कपाट. रेंजवरून उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या बादल्या भरभरून यायच्या. त्या धुवायच्या, वाळवायच्या, यंत्रात दाबून परत मापात आणायच्या, बुडात नवी टोपी बसवायची, पावडर सोडायची, वर गोळी बसवायची. झालं काडतूस तयार. मेंबर लोक तीच पुन्हा उडवायचे आणि पुंगळ्या पुन्हा आपल्या बादलीत. वहिनींनी पहिल्यांदा वाडीत सांगितलं होतं, "आमचे हे मस्कतला दारू भरतात," आणि आठवडाभर कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. तू हे सांगताना इतका हसायचास की डोळ्यांतून पाणी यायचं.

मी आलो तेव्हा तू त्या खुर्चीत सहा वर्षं काढली होतीस. मी चिपळूणचा टर्नर, यंत्र म्हटलं की हात शिवशिवणारा. तू गुहागरकडचा, शांत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पहिल्या दिवशी तू मला कुठल्याही यंत्राला हात लावू दिला नाहीस. एक रिकामी पुंगळी हातात दिलीस, म्हणालास, "हिच्यात बघ." मी बघितलं. "काय दिसतंय?" म्हटलं, काही नाही, रिकामी आहे. "हां. आता रोज पाचशे वेळा हेच करायचं हाय. आत बघायचं. ज्या दिवशी बघायचा कंटाळा येईल त्या दिवशी मला सांग, तुझं तिकीट काढतो." मला राग आला होता. टर्नरला काय शिकवतोस, असं मनात म्हणालो होतो.

तुझी एकच पावडर होती. राखाडी, चपटी, हलकी, पातळ पोह्यांसारखी. डब्यावरचं इंग्रजी नाव आपण कधी घेतलं नाही. पोहे म्हणजे पोहे. आणि मला तिचा वैताग यायचा, खरंच सांगतो. यंत्राच्या वरच्या नळकांड्यात अडकायची, टिचकी मारावी लागायची, कधी कमी पडायची कधी जास्त. दर दहावं माप तू काट्यावर घालून बघायचास आणि मी तुझ्याकडे बघत बसायचो. दुसऱ्या वर्षी मी अर्बाबांच्या मागे लागून दुसरी पावडर मागवली. बारीक गोल दाणा, खसखशीसारखा. काय पडायची! पाण्यासारखी धार. माप एकसारखं, धूर कमी, पुंगळीत जागा घ्यायची नाही. मेंबरसुद्धा खूश. मी तुला म्हटलं, बघ, याला म्हणतात पावडर.

तू एक पुंगळी घेतलीस, तिच्यात खसखशीचं माप टाकलंस. मग तेच माप परत टाकलंस. दोन्ही आत मावली. वरून बघितलं तर कळत नव्हतं एकदा टाकलीय की दोनदा. मग दुसऱ्या पुंगळीत पोह्यांचं एक माप टाकलंस, ती अर्ध्याच्या वर भरली. दुसरं टाकलंस तर सगळी टेबलावर सांडली. "बघितलंस? चूक झाली की जी सांडते ना, ती पावडर चांगली. ही तुझी खसखस चूक पोटात घेते आणि माणसाच्या हातात जाऊन सांगते." मी म्हटलं, "चूक करायचीच कशाला?" तू चष्मा वर केलास आणि माझ्याकडे असं बघितलंस की जसं काही मी आजच जन्मलोय.

तिथून आपलं सुरू झालं. तू म्हणायचास एकच पावडर ठेव, खोलीत दुसरी नको. मी म्हणायचो, तुला यंत्राची भीती वाटते. तू म्हणायचास, "व्हय, वाटते." शेवटी अर्बाबांनी तोडगा काढला, दोन्ही राहू देत. तू नियम केलास: टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा कपाटात, कुलपात. यंत्र रिकामं करायचं तर ज्या डब्यातून काढली त्याच डब्यात, आणि तो डबा समोर असतानाच. दोन वर्षं आपण तो नियम पाळला. मी कुरकुरत पाळला, पण पाळला.

आणि मग ती खंडेनवमी.

आपण दर वर्षी करायचो. तू क्लबच्या मॅनेजरला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतंस की या एका दिवशी आमची हत्यारं पूजेला बसतात, आम्ही काम करणार नाही, पाहिजे तर सुट्टी कापा. त्याने कधी कापली नाही. त्या खोलीत दिवा नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. नारळसुद्धा बाहेर पार्किंगमध्ये फोडायचास. मी विचारलं होतं, दिव्याशिवाय पूजा पोचते का रे? म्हणालास, "देव समजून घेतो. पावडर नाय घेत." हळदकुंकू, फुलं, साखर, एवढीच आपली पूजा. काट्याला कुंकू, यंत्राच्या दांड्याला कुंकू, कपाटाला कुंकू. आणि पावडरीच्या डब्यांनाही, कारण तू म्हणायचास की पोट जिच्यावर आहे तिला कसं वगळायचं.

म्हणून त्या दिवशी दोन्ही डबे टेबलावर आले. वर्षातला तो एकच दिवस. सगळं बाहेर काढून, पुसून, मांडून. दोन्ही एकाच कंपनीचे काळे डबे, वेगळा फक्त लेबलचा रंग, आणि तू लेबलवर बोट पडायला नको म्हणून डबे फिरवून मागच्या काळ्या बाजूला कुंकू लावलंस. मग झेंडूची फुलं कमी पडली म्हणून तू सूकमध्ये, तिथल्या बाजारात, गेलास. मी यंत्र पुसायला घेतलं. नळकांड्यात आदल्या दिवशीची माझी खसखस होती, दोन चमचे असेल नसेल. तेवढ्यात घरून फोन. बायको विचारत होती, तिकडे झेंडू मिळाला का, आणि मुलीने पुस्तकांची पूजा मांडलीय, तिच्याशी बोला. मी फोन खांद्याला धरला, नळकांडं काढलं, जवळच्या डब्याचं झाकण उघडलं आणि ओतलं. मुलीला म्हणालो, शाब्बास. डब्यात बघितलं नाही. आत बघायचं, एवढंच तू शिकवलं होतंस.

तू फुलं घेऊन आलास तेव्हा मी बाहेर फोनवरच होतो. डब्याचं झाकण नुसतं वर टेकलेलं होतं. ते तू घट्ट लावलंस. वरून बघितलं असशील तरी काय दिसणार? बारीक दाणा पोह्यांच्या मधून खाली उतरून गेला होता.

चार दिवसांनी तू त्या डब्यातून काडतुसं भरत होतास. वरची पावडर स्वच्छ होती, दहावं माप बरोबर, विसावं बरोबर. डबा खाली खाली जात होता. एक खोका भरून झाला तो अर्बाबांचा भाऊ येऊन घेऊन गेला, पाहुणे आलेत म्हणाला. दुसऱ्या खोक्यात तू दहावं माप काट्यावर टाकलंस. काटा जड दाखवत होता. परत टाकलंस. जड. तू डब्यात हात घातलास, बोटं वर काढून उजेडात धरलीस. मग खुर्ची पाडून पळालास.

मी तुझ्या मागे पळालो. तू पन्नाशीला आलेला माणूस, गुडघ्याने कुरकुरणारा, त्या उन्हात असा पळालास की मी मागे पडलो. "खलास! खलास!" ओरडत होतास, बस, थांबा म्हणून. रेंजवर तिघं उभे, कानांवर ते जाड मफ, कोण ऐकणार? एक आवाज झाला तो नेहमीसारखा नव्हता. मोठा, फाटका. अर्बाबांच्या भावाने पिस्तूल झटकलं, ते अडकलं होतं, तो ते परत ओढून सरळ करत होता, पुन्हा उडवायला. तू मागून जाऊन त्याचं मनगट धरलंस. मालकाच्या भावाचं, हातात भरलेलं पिस्तूल असताना. मी डोळे मिटले.

त्याला काही झालं नाही. तळहात झिणझिणला, एवढंच. पुंगळी फुगून आत अडकली होती. पुढची उडली असती तर काय झालं असतं ते तुला आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. सगळे ओरडायला लागले, अरबीत, हिंदीत. अर्बाब आले. तू सगळ्यांकडून काडतुसं गोळा केलीस, मोजलीस, आणि मग खोलीत येऊन तो डबा पांढऱ्या कागदावर पालथा केलास. पोह्यांच्या ढिगात खसखस. मला तेव्हाच सगळं दिसलं. खांद्यावरचा फोन, शाब्बास, सगळं.

मी तोंड उघडणारच होतो. खरंच दत्ता. पण अर्बाबांनी "किसने किया?" विचारलं आणि तू एक क्षणही न थांबता म्हणालास, "मैंने, अर्बाब. इस डिब्बे का झाकण मैंने लगाया था, मुझे याद है. तो डाला भी मैंने ही होगा." लोकांना वाटेल तू मला वाचवलंस. तसं असतं तर बरं झालं असतं. मी तुझे पाय धरले असते आणि मोकळा झालो असतो. पण तू मला वाचवत नव्हतास. तुला खरंच तसं वाटत होतं. माझ्यावर संशय घ्यायचं तुझ्या डोक्यातच आलं नाही.

अर्बाब वाईट माणूस नाही. त्यांनी तुला पाणी दिलं, बसवलं. म्हणाले, तू धावलास म्हणून माझ्या भावाची बोटं शाबूत आहेत. पण पावडरीत एकदा चुकला तो माणूस त्या खुर्चीत बसणार नाही, हा माझा नियम नाही, तूच केलेला आहेस. तू मान हलवलीस. "बरोबर हाय त्यांचं," मला म्हणालास. त्यांनी स्वतः ओळख काढून तुला दुक्मला एका कंपनीत स्टोअरकीपर लावलं, नोकरी बदलायची एनओसी दिली, नाहीतर त्या काळात एनओसीशिवाय कोण कुठे हलू शकत होतं? हेल्मेटं, बूट, हातमोजे मोजायचं काम. आणि कपाटाची चावी माझ्याकडे आली.

तू सामान बांधत होतास. दोन शर्ट, देवाचा फोटो, चष्म्याची पेटी. मध्येच थांबलास. माझ्याकडे न बघता विचारलंस, "विन्या, तू तर नाय ना ओतलंस?"

मी म्हणालो, "नाय बा."

तू लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "नाय रे, विचारलं आपलं. मनात येतं काहीबाही." उलट तुलाच लाज वाटली विचारल्याची. दत्ता, मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललोय. बायकोशी, बँकेशी, आईशी. पण त्या दोन शब्दांइतकं नीच काही बोललो नाही. मुलीचं कॉलेज डोळ्यांसमोर होतं, गावाकडे स्लॅब पडायचा होता, तेलाचे भाव घसरत होते आणि रोज कुणी ना कुणी घरी पाठवला जात होता. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली की पाठ झालीत. तुला सांगताना त्यातलं एकही ओठांवर येत नाही.

मग शुक्रवारचे फोन. तू पहिला प्रश्न टाकायचास, "काय, खसखसच चालवतोस ना अजून, गाढवा?" आणि मी म्हणायचो, "मग काय! जग पुढे गेलं, तू बस पोहे खात." मग अर्धा तास. तू म्हणायचास हलकी पावडर, मी म्हणायचो बारीक पावडर. तू पुंगळीच्या लांबीवरून बोलायचास, मी यंत्राच्या धारेवरून. तुझा आवाज त्या अर्ध्या तासात जुना व्हायचा. आता ऐक. तू दुक्मला गेलास त्याच महिन्यात मी खसखशीचा डबा परत केला. त्या खोलीत चार वर्षं फक्त पोहे आहेत. एकच डबा, एकच पावडर, जास्त झाली की दिसणारी, चुकली की सांडणारी. तू जिंकला होतास रे. पहिल्याच दिवशी जिंकला होतास. मी ते कबूल केलं असतं तर तू विचारलं असतंस, का बदललीस? आणि मग मला पुढचं बोलावं लागलं असतं. म्हणून मी दर शुक्रवारी हरलेलं भांडण भांडत राहिलो.

सांगायला म्हणून एकदा दुक्मला आलो होतो. आठवतं? सीबहून पहाटे निघालो, रस्ताभर वाक्य जुळवत होतो. तू कँपच्या फाटकावर उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. मेसवाल्या केरळीला सांगून माझ्यासाठी सुरमई तळून घेतली होतीस. मला सगळ्यांना दाखवलंस, "ये मेरा विन्या, क्लब का इन्चार्ज है." इन्चार्ज! मग तुझ्या खोलीत बसलो. तू थर्मासमधून चहा ओतलास, झाकण लावलंस. मग उघडलंस, आत बघितलंस, परत लावलंस. थोड्या वेळाने परत उघडलंस. साखरेच्या डब्याचंही तेच, लोणच्याच्या बरणीचंही तेच. मी विचारलं, हे काय रे? तू ओशाळून हसलास. "सवय लागलीय. लावलेलं झाकण दिसलं की वाटतं, आत काय घातलं असेल मी?"

तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "डोळे तपासून घे, नंबर वाढला असेल." आणि तू खरंच तपासून घेतलेस, दत्ता. पुढच्या शुक्रवारी सांगितलंस, डॉक्टर म्हणाला डोळे ठणठणीत आहेत. आणि पुढे हळूच म्हणालास, "मग हातच असणार."

निघताना तू म्हणालास, पुढच्या वर्षी पावसात सलालाहला जाऊ, शहाळी पिऊ, तिथलं हिरवं बघितलं की कोकणात गेल्यासारखं वाटतं म्हणतात. मी म्हटलं, इन्शाल्ला. मनात म्हटलं, तिथे सांगेन.

दापोलीचा तो तुझा रूममेट, त्याने फोन केला. सकाळी ड्यूटीला निघताना खाटेवर बसून बूट घालत होतास, तसाच कलंडलास, एवढंच कळलं. तुला मस्कतला आणलं तेव्हा मी कागदांसाठी उभा होतो. तुझं नाव, बापाचं नाव, गाव. कामाच्या रकान्यात स्टोअरकीपर. मी त्या क्लार्कशी भांडलो. म्हटलं, हा माणूस पिस्तुलाची काडतुसं भरायचा, अख्ख्या मस्कतात असा हात नव्हता. तो म्हणाला, भाई, वीजा पे जो है वही लिखेगा. बरोबरच होतं त्याचं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी अर्बाबांकडे गेलो. सगळं सांगितलं. फोन, कुंकू, डबा, आणि ते दोन शब्द. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेरे को क्यों बोलता है अभी? माफी मेरे से नहीं माँगने का. उसका घर को बोलो." मी कपाटाची चावी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली आणि खिशात घातली. महिनाअखेरीला मी चाललो घरी. त्यांनी काही वावगं केलं असं मला वाटत नाही.

तुझ्या घरी फोन करायला मला आणखी आठ दिवस लागले. वहिनींनी उचलला. मी एका दमात बोलून टाकलं. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर फोन आपटतील. त्या म्हणाल्या, "भावोजी, त्यांनी बाबांची ठासणीची बंदूक पोलिसांत जमा केली, ठाऊक आहे तुम्हाला?" मला ठाऊक नव्हतं. परवान्याची बंदूक, आज्यापासून चालत आलेली, रानडुकरं हाकायची ती. म्हणाल्या, "तीन वर्षं झाली, सुट्टीवर आले होते तेव्हा. डुकरं वरचं शेत खाऊन जातात. मी भांडले. म्हणाले, माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही, उद्या तुला किंवा पोरीला काही झालं तर? वाडीत ज्याने विचारलं त्याला सांगत सुटले, मस्कतला माझ्या हातून अशी अशी चूक झाली. लपवलं नाही कुणापासून."

मी म्हटलं, वहिनी, मला माफ करा.

"ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "मला एकटीला सांगून काय होणार? वाडीने हे त्यांच्या तोंडून ऐकलंय. तेराव्याला सगळे जमतील. तेव्हा फोन करा. सगळ्यांसमोर सांगा."

परवा तेरावं होतं. खोलीत बसून मला तो फोन करता आला नसता, म्हणून सीबच्या सूकजवळ गाडी लावली, काचा वर केल्या आणि फोन लावला. तुझ्या सुप्रियाने घेतला. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ना आता? आवाज अगदी तुझ्यासारखा, सावकाश. म्हणाली, "काका, थांबा, स्पीकरवर टाकते." भांड्यांचे आवाज आले, कुणीतरी पोरांना गप्प केलं, मग सगळं शांत झालं. किती माणसं होती कोण जाणे. मी म्हणालो, मी विनायक, दत्तारामबरोबर मस्कतला कामाला होतो. त्याच्या हातून चूक झाली असं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ती त्याच्या हातून झाली नव्हती. माझ्या हातून झाली. त्याने मला विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो. त्याच्या हातात कधीच खोट नव्हती.

मी फोन कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला. वाटलं, कट झाला असेल. मग सुप्रियाचा आवाज आला. रडत नव्हती.

"काका, परत सांगा. आजीला ऐकू नाय आलं."

तुझी आई, दत्ता. नव्वदीची, पुढच्या ओळीत बसली असेल. मी गाडीची काच खाली केली, श्वास घेतला आणि त्या भर सूकमध्ये, येणारी जाणारी माणसं वळून बघत होती तरी, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ओरडून.